गरोदरपणातील संसर्ग आणि ‘टॉर्च’ चाचणी : पार्श्वभूमी

जून २०२४ मध्ये पुण्याच्या एरंडवणे भागात डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचे पहिले रुग्ण आढळले आणि पुढच्या काही आठवड्यांत शहराच्या इतर भागांतही ते सापडू लागले. रुग्ण सापडलेल्या परिसरातील गर्भवती स्त्रियांचे नमुने आवर्जून घेतले गेल्यामुळे बाधितांच्या यादीत त्यांचे प्रमाण मोठे दिसले. झिकाची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत. ज्यांची तपासणी होते त्यांच्यातच तो दिसतो, हे त्या वर्षीचे आकडे वाचताना लक्षात ठेवावे लागते. ३ जुलै २०२४ रोजी केंद्राने सर्व राज्यांना गर्भवतींची तपासणी आणि बाधित मातांच्या गर्भाच्या वाढीवर देखरेख ठेवण्याची सूचना दिली. अशा वेळी घराघरांतून एक जुना प्रश्न नव्याने विचारला जातो : ‘टॉर्च’, म्हणजे बाळाला इजा करू शकणाऱ्या काही संसर्गांसाठी आईच्या रक्ताची एकत्रित चाचणी, करून घ्यावी का? झिका त्या चाचणीत नसतोच. तरीही हाच प्रश्न का सुचतो, हे समजण्यासाठी त्या नावाच्या इतिहासात शिरावे लागते.

आईला झालेला आजार पोटातल्या बाळाला व्यंग देऊ शकतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने फार उशिरा मान्य केली. वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोहोचवणारा प्लासेंटा, ही एक भक्कम भिंत असून तिच्या पलीकडे काही जात नाही, असाच समज होता. आपल्याकडे तर बाळाच्या व्यंगाचे खापर ग्रहण न पाळणाऱ्या सुनेवर फुटत असे, आणि काही घरांत ते आजही फुटते. १९४१ मध्ये सिडनीतील एका नेत्रतज्ज्ञाने जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला होता. दोन-तीन दिवसांत ओसरणारा, अंगावर फिकट पुरळ आणणारा हा आजार कोणी गांभीर्याने घेत नव्हते. त्या नोंदीनंतरही अनेक वर्षे तिच्याविषयी शंका घेतली गेली, कारण रुबेलाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करणे १९६२ पर्यंत कोणाला जमले नव्हते.

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बाळे बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयातील दोष घेऊन जन्मली. आज जगभर वापरली जाणारी रुबेलाची लस विषाणूच्या ज्या वाणापासून बनते, तो वाण त्याच साथीत एका बाधित मातेच्या गर्भपातानंतर मिळालेल्या गर्भातून वेगळा केला गेला. पुण्यात तयार होणाऱ्या लसीतही तोच वाण आहे. पहिल्या बारा आठवड्यांत रुबेला झाल्यास दहापैकी आठ-नऊ गर्भांना इजा होते आणि अठराव्या आठवड्यानंतर तो धोका जवळजवळ उरत नाही. धोका आठवड्यागणिक बदलतो, हा या साथीचा सर्वांत महत्त्वाचा धडा होता, आणि पुढे तोच सर्वाधिक विसरला गेला.

‘टॉर्च’ हे नाव १९७१ चे. ते बालरोगतज्ज्ञांच्या वर्तुळातून आले आणि नवजात बाळाविषयी होते. जन्मतः कावीळ, वाढलेले यकृत व प्लीहा, अंगावर रक्ताचे ठिपके, लहान डोके अशी लक्षणे घेऊन आलेल्या बाळाकडे पाहून कारण ओळखता येत नाही, कारण अनेक संसर्ग जवळजवळ सारखेच चित्र निर्माण करतात. तेव्हा टोक्सोप्लाझ्मा (मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून पसरणारा परजीवी) आणि रुबेला, सायटोमेगॅलो व हर्पिस हे विषाणू यांचा एकत्र विचार करावा, एवढाच या इंग्रजी आद्याक्षरांचा हेतू होता. मुळात ‘टी’ आणि ‘ओ’ ही दोन्ही अक्षरे टोक्सोप्लाझ्माची होती. पुढे ‘ओ’ म्हणजे ‘इतर’ असे मानले गेले आणि त्या ‘इतर’मध्ये सिफिलिस (लैंगिक संबंधांतून पसरणारा आजार), कांजिण्या, पार्व्होव्हायरस असे जे जे राहिले होते ते सगळे भरले गेले. आजारी बाळासमोर उभ्या असलेल्या डॉक्टरसाठी केलेली ही आठवणीची खूण आपल्याकडे मात्र धडधाकट आईच्या रक्ताची चाचणी बनली. विशेषतः ज्या स्त्रीचे दोन-तीन गर्भपात झाले आहेत, जिच्या केसपेपरवर ‘बीओएच’ (बॅड ऑब्स्टेट्रिक हिस्टरी, म्हणजे आधीची गरोदरपणे बिघडलेली) असे लिहिलेले असते, तिला ही तपासणी जणू ठरलेलीच असे. पुण्यातील खासगी प्रयोगशाळांच्या दरपत्रकात ती अजूनही एकाच पॅकेजच्या रूपात आढळते : चार-पाच संसर्ग, प्रत्येकाचे आयजीजी (संसर्ग होऊन गेल्यावर रक्तात टिकून राहणारी प्रतिपिंडे) आणि आयजीएम (नव्या संसर्गात आधी दिसणारी प्रतिपिंडे), म्हणजे आठ-दहा आकडे.

एका नावाखाली आणलेल्या या चौघांत साम्य फार थोडे आहे. हर्पिसचा धोका मुख्यतः प्रसूतीच्या वेळी जननमार्गातून असतो. पोटात असताना तो बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो. सायटोमेगॅलोची लागण आपल्याकडील बहुसंख्य स्त्रियांना लहानपणीच होऊन गेलेली असते, त्यामुळे आयजीजी पॉझिटिव्ह येणे हे जवळपास गृहीतच आहे. टोक्सोप्लाझ्मा गरोदरपणात नव्याने झाला तर सुरुवातीच्या महिन्यांत तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचला तर इजा गंभीर. शेवटच्या महिन्यांत हे गणित उलटे होते. एकदा होऊन गेलेला टोक्सोप्लाझ्मा निरोगी स्त्रीच्या पुढच्या गरोदरपणांना सहसा धोका देत नाही, आणि म्हणूनच वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे ते स्पष्टीकरण ठरत नाही. इतकी वर्षे ते स्पष्टीकरण म्हणून दिले गेले, औषधांचे महिनोन्‌महिने चालणारे कोर्स दिले गेले, आणि ज्या कारणांचा शोध घ्यायला हवा होता, उदाहरणार्थ रक्तात गुठळ्या घडवू शकणारी फॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, गर्भाशयाची रचना, गुणसूत्रे, त्यांच्याकडे जाण्यास उशीर झाला. घरातले मांजर सोडून द्यायला सांगणे हा त्यातलाच प्रकार. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि मातीत काम केल्यावर न धुतलेले हात हे मार्ग त्याहून अधिक लक्ष देण्याजोगे आहेत.

खरा गुंता आयजीएमचा आहे. नवीन संसर्गात ही प्रतिपिंडे आधी दिसतात, म्हणून ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ म्हणजे ‘आत्ता संसर्ग आहे’ असा अर्थ काढला जातो. टोक्सोप्लाझ्मात ती अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकतात. शिवाय दुसऱ्याच कारणाने चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. समजा, लक्षणे नसलेल्या १,००० गर्भवतींपैकी २ जणींना खरोखर नवा संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी स्त्रियांपैकी फक्त २ टक्क्यांबाबत चुकते. तरीही पॉझिटिव्ह आलेल्या सुमारे २२ जणींपैकी २० जणींना काहीही झालेले नसेल. संसर्ग जुना की नवा हे ठरवण्यासाठी आयजीजीची ‘ॲव्हिडिटी’, म्हणजे ती प्रतिपिंडे जंतूला किती घट्ट चिकटतात ते, तपासता येते, किंवा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना घेऊन आयजीजी वाढते का ते पाहता येते. त्यासाठी थांबावे लागते, आणि थांबायला गरोदर बाईकडे वेळ नसतो.

वेळ नसण्याला कायद्याचीही बाजू होती. ज्या वर्षी ‘टॉर्च’ हे नाव जन्माला आले, त्याच वर्षी भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला. मूल गंभीर व्यंग घेऊन जन्मण्याचा मोठा धोका असल्यास २० आठवड्यांपर्यंत गर्भपाताची परवानगी त्यात होती. कायदा आवश्यक होता, त्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले. पण २० आठवड्यांची रेषा समोर ठेवून हाती आलेला एक अनिश्चित आयजीएम म्हणजे घाईने निर्णय घेण्याला आमंत्रणच होते. नुसत्या अशा रिपोर्टवरून गर्भपाताचा निर्णय होऊ नये, हे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना आता स्पष्टपणे सांगतात. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी ही मर्यादा २४ आठवडे झाली आणि वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचे निदान केल्यास मर्यादा लागू होत नाही, त्यामुळे खात्री करून घेण्यासाठी आता थोडी अधिक जागा आहे.

या चार-पाच अक्षरांच्या झगझगाटात जे अंधारात राहिले, ते अधिक बोचते. सिफिलिस ‘इतर’मध्ये ढकलला गेला. उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये निम्म्याहून अधिक गरोदरपणांचा शेवट वाईट होतो : मृत जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती किंवा जन्मजात सिफिलिस. त्याची व्हीडीआरएल चाचणी १९४०च्या दशकापासून उपलब्ध आहे, अगदी स्वस्त आहे, आणि वेळेत दिलेले बेन्झाथिन पेनिसिलिन आईबरोबर बाळालाही बरे करते. प्रसूतीसाठी नाव नोंदवताना होणाऱ्या तपासण्यांमध्ये ती असते, पण तिच्याविषयी घरात कोणी बोलत नाही आणि नवऱ्याची तपासणी व उपचार राहून जातात; मग बाईला पुन्हा लागण होते. ‘टॉर्च’वर हजारो रुपये खर्च झालेल्या फाइलमध्ये व्हीडीआरएलचा रकाना रिकामा असणे, ही माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

हे नाव दुसऱ्या देशांतल्या अनुभवातून घडले, त्यामुळे आपल्याकडचे काही मोठे धोके त्यात कधी आलेच नाहीत. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘ई’च्या साथींत गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतील बाधित स्त्रियांचे मृत्यू २० टक्क्यांच्या आसपास पोहोचल्याच्या नोंदी आहेत. हिवताप आणि इन्फ्लुएन्झा यांत बाळाचे नुकसान प्रामुख्याने आईची प्रकृती ढासळल्यामुळे किंवा वारेचे काम बिघडल्यामुळे होते. ऑगस्ट २००९ मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि त्या साथीने गर्भवतींना इन्फ्लुएन्झाची लस देण्याचा विषय पहिल्यांदा इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रोजच्या बोलण्यात आणला. एचआयव्हीने तर दाखवून दिले की नीट यंत्रणा उभी केली तर काय साधते : उपचारांविना आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, ते औषधांमुळे ५ टक्क्यांच्या खाली येते. २००० नंतर महाराष्ट्रासह अधिक लागण असलेल्या राज्यांत हा कार्यक्रम सुरू झाला, पुण्यातील संशोधनाचाही त्यात वाटा होता, आणि २०१४ पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला आयुष्यभराचे उपचार देण्याचे धोरण आले.

रुबेलाच्या लसीबाबत मात्र देशाने जाणूनबुजून उशीर केला, आणि तो निर्णय अजूनही वादाचा आहे. खासगी दवाखान्यांत गोवर-गालगुंड-रुबेलाची लस १९९०च्या दशकापासून मिळत होती. सरकारी कार्यक्रमात ती नव्हती, कारण थोड्याच मुलांना लस दिली तर विषाणूचा वावर मंदावतो, पण थांबत नाही; मग लहानपणी सहज होऊन जाणारा रुबेला तरुण वयात, नेमका गरोदरपणात होऊ लागतो. ग्रीसमध्ये १९९३ च्या साथीत हेच घडले होते. ही भीती खरी होती. त्याच वेळी खासगी लसीकरणाने शहरांत ती अपुरी स्थिती आपोआप तयार होत होती, याकडे दुर्लक्ष झाले, असे मला वाटते. शेवटी २०१७ पासून गोवर-रुबेला लस टप्प्याटप्प्याने आली आणि महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी मोहीम झाली. म्हणजे २००३ च्या अखेरीआधी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेबाहेर राहिल्या, आणि आज पुण्यात पहिल्या बाळंतपणासाठी नाव नोंदवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी याच वयाच्या आहेत. ज्यांनी खासगी लस घेतलेली नाही, त्यांच्यासाठी रुबेलाचे आयजीजी गर्भधारणेआधी पाहणे उपयोगाचे आहे, कारण तेव्हा लस घेता येते आणि त्यानंतर एक महिना थांबावे लागते. गरोदरपणात ती देत नाहीत.

झिका या साखळीतला सर्वांत अलीकडचा दुवा. १९४७ मध्ये युगांडात सापडलेल्या या विषाणूकडे २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळे जन्मू लागेपर्यंत कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. महाराष्ट्रातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातीलच बेलसर गावात आढळला. २०१६ नंतर ‘टॉर्च’ला ‘झेड’ जोडण्याच्या सूचनाही आल्या. पण झिकाची आयजीएम चाचणी डेंगीच्या प्रतिपिंडांनाही प्रतिसाद देते, आणि पावसाळ्यातल्या पुण्यात डेंगी होऊन गेलेली स्त्री शोधावी लागत नाही. भारतीयांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची नोंद तर १९५०च्या दशकातलीच आहे, आणि ती खरोखर झिकाची होती की त्याच्या भावंड-विषाणूंची, हा संशय तेव्हापासून कायम आहे. त्यामुळे ताप आल्यापासून साधारण आठवडाभरात रक्ताची आणि त्यानंतरही काही दिवस लघवीची, थेट विषाणूच शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी हाच भरवशाचा मार्ग राहतो. डोक्याची वाढ खुंटणे अनेकदा अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसत नाही, शेवटच्या तीन महिन्यांतच लक्षात येते. म्हणून बाधित मातांची सोनोग्राफी ठरावीक अंतराने पुन्हा केली जाते, आणि जन्मतः ठीक दिसणाऱ्या त्यांच्या बाळांचेही डोळे, ऐकणे व डोक्याचा घेर पुढे तपासत राहावे लागते.