काटेरी झाडाभोवतीचं वळण

राइट बंधूंचं नाव निघालं की अमेरिकेतल्या किटी हॉकचा वाळूचा किनारा आठवतो. पण १७ डिसेंबर १९०३ ला तिथे त्यांनी मारल्या त्या सरळ रेषेतल्या झेपा. पहिली १२ सेकंदांची, दिवसातली सगळ्यात लांब ५९ सेकंदांची. इंजिनाचं विमान वळवून निघाल्या जागी परत आणणं बाकीच होतं. ते त्यांना शिकवलं त्यांच्या ओहायोतल्या डेटन गावाबाहेरच्या एका कुरणाने.

हफमन प्रेअरी हे जेमतेम ८४ एकरांचं रान. मालक बँकर होता. भाडं घेतलं नाही. फक्त उडण्याआधी गाई-घोडे बाहेर काढायचे, एवढीच अट. जमीन उंचसखल, कडेला तारांची कुंपणं, पलीकडून गावची ट्रॉली जायची.

१९०४ मध्ये इथे पंचाईत झाली ती वाऱ्याची. विमानाला उचलणारं बल हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग निम्मा, तर उचल पाव. किटी हॉकला त्या दिवशी समोरून ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वारा होता, म्हणजे बराचसा वेग फुकटातच मिळाला. डेटनच्या उन्हाळ्यात पान हलत नसे. विमान ज्यावरून धावत सुटायचं तो लाकडी रूळ लांब टाकावा, तर तो टाकेपर्यंत वारा दिशा बदले. शेवटी सप्टेंबरात त्यांनी मनोरा उभारला. त्यावरून अर्ध्या टनाहून जड वजन खाली सोडायचं, दोर ओढला जायचा आणि विमान रुळावरून गोफणीसारखं सुटायचं. २० सप्टेंबरला थोरल्या विल्बरने पहिली पूर्ण गोल फेरी मारली, दीड मिनिटाच्या आसपास. त्याचं प्रत्यक्षदर्शी वर्णन छापलं कुणी, तर एमॉस रूट या मधमाशापालकाने, स्वतःच्या मधमाश्यांच्या नियतकालिकात!

जागा लहान, म्हणून सारखं वळावं लागे. त्यामुळेच वळणातली खोड लवकर कळली, असं मला वाटतं. मोठं मैदान मिळतं, तर ती किती काळ लपून राहिली असती कोण जाणे.

१९०५ च्या जुलैत धाकटा ऑर्व्हिल विमानासकट जोरात आपटला, पण बचावला. मग विमानाचं नाक वर-खाली करणारी पुढची सुकाणू-पट्टी मोठी करून आणखी पुढे नेली. तरी वळणाचा घोळ उरलाच. सप्टेंबरच्या अखेरीस ऑर्व्हिल कुरणातल्या हनी लोकस्टच्या काटेरी झाडाला वळसा घालत होता. आतल्या बाजूचा पंख खाली कलला आणि काही केल्या वर येईना. विमान झाडाकडेच सरकू लागलं. निदान उतरावं तरी, म्हणून त्याने नाक खाली दाबलं. विमान झाडाला घासलं, पण तेवढ्यात पंख सावरला. ऑर्व्हिल परत आला तेव्हा पंखाच्या खांबात काटेरी फांदी रुतलेली होती.

कारण असं: कलतं विमान वळताना उचलीचा काही भाग वळवण्यातच खर्च होतो, म्हणून एकूण उचल जास्त लागते. ६० अंश कललात तर दुप्पट. त्यासाठी पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन वाढवला की वेग घटतो, आणि कोन फारच झाला तर हवा पंखाच्या पाठीवरून सुटते. आतला पंख आधीच संथ, त्यामुळे तोच पहिला ढासळतो. उपाय मनाला न पटणारा: पडतोय असं वाटलं की नाक आणखी खाली घाला, वेग मिळवा.

हे उमगल्यावर काही दिवसांतच, ५ ऑक्टोबरला, विल्बर कुरणावर घिरट्या घालत राहिला. ३९ मिनिटं, सुमारे ३९ किलोमीटर. इंधन संपलं म्हणून उतरला. त्या महिन्यानंतर मात्र, विक्रीचा करार होईपर्यंत यंत्र कुणाला दाखवायचं नाही, असं ठरवून दोघांनी विमान सुटं करून ठेवलं. १९०८ च्या मे महिन्यापर्यंत ते उडलेच नाहीत. कुरण पुन्हा गाईंचं झालं.