होक्काइदोची हिवाळी सहल: व्हिसा, गाडीचा परवाना आणि बॅगेतली औषधं

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर बर्फात जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेलं शोधतात. खरं तर आधी कॅलेंडर काढायला हवं. जपानचा एकेरी प्रवेशाचा पर्यटक व्हिसा मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. होक्काइदोची राजधानी सप्पोरोचा बर्फ महोत्सव फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. 6 फेब्रुवारीला उतरणार असाल, तर व्हिसा 6 नोव्हेंबरनंतर मंजूर झालेला हवा. 'एकदाचं उरकून टाकू' म्हणून ऑक्टोबरात अर्ज केलात, तर व्हिसा मिळेल, पण विमानात बसायच्या आधीच संपेल.

दुसऱ्या बाजूलाही कुंपण आहे. 29 डिसेंबर ते 3 जानेवारी जपानी सरकारी कार्यालयं नववर्षासाठी बंद असतात. कागदपत्रं पूर्ण असतील तर निर्णयाला साधारण पाच कामकाजाचे दिवस धरतात, पण जास्तीचा कागद मागितला की ते लांबतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या सहलीसाठी नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वात सोयीचा. मार्चमध्ये होक्काइदोच्या ईशान्य किनाऱ्यावर अबाशिरीला समुद्रावर तरंगणारा बर्फ पाहायचा असेल, तर सगळं महिनाभर पुढे ढकला.

महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचे अर्ज मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. दूतावास पर्यटकांचे अर्ज थेट घेत नाही, ते व्हीएफएस या व्हिसा-अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात द्यावे लागतात. इथे पासपोर्टवरचं जन्मगाव पाहत नाहीत, सध्या कुठे राहता ते पाहतात. नोकरीसाठी बंगळुरूत असाल तर तिथल्या केंद्रात जा.

स्वखर्चाने फिरायला जाणाऱ्यांसाठी मूळ पासपोर्ट, सही केलेला अर्ज, गेल्या सहा महिन्यांतला 35 बाय 45 मिलिमीटरचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, जाण्या-येण्याच्या विमानाचं आरक्षण, दिवसवार कार्यक्रम, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्र लागतं. नोकरदारांनी कंपनीचं रजेचं पत्र जोडावं. बायको, मुलं किंवा आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल, तर विवाह नोंदणीचा किंवा जन्माचा दाखला हवा. नातं आडनावावरून सिद्ध होत नाही.

खात्यात किती पैसे हवेत? एजंट छातीठोकपणे आकडे सांगतात. प्रत्यक्षात शिल्लक तुमच्या कार्यक्रमाला आणि नेहमीच्या मिळकतीला शोभेल अशी असावी. अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक जमा झालेली मोठी रक्कम मदतीपेक्षा शंकाच वाढवते.

घोटाळे होतात ते बारीक जागी. मराठी माणसाच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. अर्जात आणि तिकिटावर ते जसंच्या तसं यायला हवं. 'प्रवेशाचं ठिकाण' या रकान्यात हमखास न्यू चितोसे, म्हणजे सप्पोरोचा विमानतळ, लिहिलं जातं. तुम्ही टोक्योत विमान बदलून सप्पोरोला जाणार असाल, तर इमिग्रेशन टोक्योतच होतं, म्हणून हानेदा किंवा नारिता लिहा. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगहून थेट सप्पोरोला उतरणार असाल तरच न्यू चितोसे बरोबर. कार्यक्रमही पटण्याजोगा हवा. सप्पोरो ते अबाशिरी एक्सप्रेस गाडीलाच साडेपाच तासांच्या आसपास लागतात. तरीही 'सकाळी ओतारू, दुपारी अबाशिरी' असे कार्यक्रम लिहिले जातात.

अर्ज नाकारला गेला तर कारण सांगत नाहीत, आणि त्याच हेतूच्या प्रवासासाठी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणजे तो हिवाळा गेलाच.

एप्रिल 2024 पासून भारतातल्या एकेरी पर्यटक अर्जांना स्टिकरऐवजी ई-व्हिसा मिळतो. विमानतळावर तो फोनवर, चालू इंटरनेटवर उघडून दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून रोमिंग किंवा ई-सिम निघण्याआधीच चालू करून पाहा. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब'वर आधी भरून ठेवली की रांगेत फॉर्म लिहीत बसावं लागत नाही.

गाडी चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. त्या अर्जासाठी व्हिसा आणि वैद्यकीय दाखल्याची अट 2021 मध्ये काढली गेली. फॉर्म 4ए, पासपोर्ट, लायसन्स आणि 1000 रुपये शुल्क लागतं. अर्ज परिवहनच्या सारथी संकेतस्थळावर भरता येतो आणि परवाना एक वर्ष चालतो. जपान 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलेलाच परवाना मानतं. आरटीओचा त्यात बसतो. ऑनलाइन विकली जाणारी 'इंटरनॅशनल लायसन्स'ची रंगीत कार्डं बसत नाहीत. मूळ भारतीय लायसन्स आणि पासपोर्टही सोबत हवेत. डावीकडून गाडी चालवायची सवय आपल्याला आहेच, पण गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबण्याची नाही. पहिल्याच खेपेला रेल्वे आणि बस बऱ्या.

औषधांकडे फार कुणी पाहत नाही, आणि थंडीच्या सहलीला तीच जास्त नेली जातात. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्या-औषधं एका महिन्याची नेता येतात. त्याहून जास्त नेण्यासाठी 'युन्यू काकुनिन-शो' नावाचं आयात पुष्टीपत्र निघण्याआधीच ऑनलाइन अर्ज करून घ्यावं लागतं. स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर नेता येत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. घरातल्या डब्यातल्या पट्ट्या बॅगेत टाकण्याआधी मागचं घटक-लेबल वाचा.

खाऊमध्ये ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांसाचे पदार्थ, कच्चे तांदूळ आणि डाळी घरीच ठेवा, काहींना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, काहींवर बंदीच आहे. चिवडा, लाडू, शंकरपाळे यांना अडचण येत नाही. टोक्योमार्गे जाताना कस्टम्स तिथेच होतं आणि बॅग ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावी लागते. पुढच्या विमानासाठी किमान तीन तास ठेवा. हिमवादळात न्यू चितोसेची उड्डाणं रद्द होतात, म्हणून परतीला टोक्योत एक रात्र राखून ठेवा आणि तीही दिवसवार कार्यक्रमात लिहा.