पासष्ट मिलिमीटरची रेघ

स्वयंचलित हवामान केंद्रातला पाऊस मोजणारा भाग अगदी साधा असतो. नरसाळ्यातून उतरणारे पाणी खाली तराजूच्या पारड्यांसारख्या झुलणाऱ्या दोन लहान वाट्यांपैकी एकीत साठते, ती भरली की कलंडून रिकामी होते आणि दुसरी तिच्या जागी येते. अशा प्रत्येक कलंडण्याची नोंद होते आणि त्यांच्या बेरजेतून दिवसभराच्या पावसाचा आकडा मिळतो. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार, अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. त्यांच्या आकड्यावर शेतकऱ्याचे बरेच काही अवलंबून असते, कारण मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला तर शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी ठरते आणि मदतीचा मार्ग मोकळा होतो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर दहा हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा लाख लिटर. हे पाणी दिवसभर रिपरिप पडले की दोन तासांत कोसळले, हे दिवसाच्या बेरजेत दिसत नाही. जमिनीवर मात्र दोन्हींचा परिणाम फार वेगळा होतो. मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून झरझर खाली उतरते, पण माती फुगून भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग फारच मंदावतो. त्यानंतर जोराचा पाऊस झाला, तर उताराच्या रानातले पाणी वरचा कसदार थर सोबत घेऊन ओढ्याला लागते आणि सपाट वावरात ते साचून राहते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्यामुळे सोयाबीनच्या मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो, हवेतला नत्र स्थिर करणाऱ्या मुळांवरच्या गाठींचे काम मंदावते आणि पाने पिवळी पडतात. पीक काढणीला आलेले असताना पाऊस लागून राहिला, तर उभ्या झाडावरच शेंगेतल्या दाण्यांना कोंब फुटतात.

हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे तापलेली हवा जमिनीतला आणि पिकातला ओलावा अधिक शोषते आणि पाऊस पडायची वेळ आली की एका दमात अधिक पाणी ओतते. मध्य भारताच्या पावसाला बाष्प पुरवणारा अरबी समुद्रही गेल्या काही दशकांत लक्षणीय तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात या पट्ट्यातला मोसमी पाऊस एकूणात घटत गेला. एखाद्या विशिष्ट पुरामागे हवामान बदलाचा वाटा नेमका किती, हे ठरवायला प्रत्येक वेळी स्वतंत्र अभ्यास लागतो. पावसाची चाल बदलली आहे, याबद्दल मात्र आता फारसा वाद उरलेला नाही.

मराठवाड्याने या बदलाची दोन्ही टोके पाहिली आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या लोकांची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले आणि सीना नदीच्या काठावरची उभी पिके मातीसकट वाहून गेली. या दोहोंच्या मध्ये २०२३ चा ऑगस्ट येऊन गेला, १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने दिलेला असा खंड पुढच्या महिन्यातल्या पावसाने भरून निघत नाही, मग वर्षाची सरासरी कितीही जुळून येवो.

शासनाचे नियम हा बदल हळूहळू ओळखू लागले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला आणि सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस हा तिच्या निकषांपैकी एक ठरला. ६५ ची रेघ न ओलांडताही पीक कुजते, याची ही स्पष्ट कबुली होती आणि म्हणूनच हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. पीक विम्यातही पावसाचा २१ दिवसांहून मोठा खंड पडला तर हंगाम संपण्याआधी आगाऊ रक्कम देण्याची तरतूद होती. २०२५ च्या खरिपात मात्र एक रुपयात विमा देणारी योजना बंद झाली आणि त्यासोबत हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती असे अतिरिक्त निकषही गेले. उरला तो पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीवर, आधारलेला उत्पादनाचा निकष. बोगस अर्ज आणि तिजोरीवरचा भार ही कारणे खरी होती. तरीही पाऊस अधिकाधिक लहरी होत असताना, नेमके लहरीपणापासूनचे संरक्षण काढून घेणे हे उलट्या दिशेचे पाऊल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच वर्षीच्या पुरानंतर ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर करावे लागले.

नुकसान होण्याआधी शेतातच काही करता येते, हे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने दाखवले. जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या पाच हजारांहून अधिक गावांत राबवला गेला. त्यातली रुंद वरंबा सरी पद्धत, जिला शेतकरी सरसकट बीबीएफ म्हणतात, मला विशेष भावते. ट्रॅक्टरमागचे यंत्र रुंद वरंबा तयार करते, त्यावर सोयाबीनच्या ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सरी काढते. जोराचा पाऊस झाला की जादा पाणी सरीतून निघून जाते आणि मुळे मोकळ्या मातीत राहतात. पावसाने खंड दिला की सरीत मुरलेला ओलावा पिकाला आणखी काही दिवस तगवतो. बियाणेही कमी लागते.

शेततळ्यांबद्दल मात्र सरसकट असे म्हणता येत नाही. वाहून जाणारे पाणी अडवणारे तळे खरोखर आधार देते; पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेले तळे विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरले, तर सर्वांचे भूजल एकाच्या उघड्या टाकीत जाते आणि उन्हाळ्यात त्यातले बरेचसे वाफ होऊन उडते. अनुदान देताना तळे कोणत्या पाण्याने भरणार, हे पाहायलाच हवे.

पाऊस कसा मोजतो, याकडेही असेच पाहायला हवे. एका मंडळात कितीतरी गावे असतात आणि केंद्र एकच. एका शिवारात ढग फुटावा आणि चार कोसांवरच्या केंद्रावर तुरळक सरी पडाव्यात, हे आता नेहमीचे झाले आहे. ग्रामपंचायतीपर्यंत केंद्रे नेण्याचे काम म्हणूनच तातडीचे आहे. त्याच वेळी निकषात तासाभरात किती पाऊस पडला याला स्थान देता येईल, आणि त्यासाठी नव्या यंत्राचीही गरज नाही. कोणत्या वेळात वाटी किती वेळा कलंडली, याची नोंद ते केंद्र आजही ठेवतेच.