रेडची पार्श्वभूमी: शंभर डिस्क आणि ३०० तास

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ड्रॉइंग आणि टॅलीचा डेटा असलेल्या सर्व्हरवर ‘रेड’ (अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा टिकवण्याची पद्धत) आहे, एवढं मालकाला माहीत असतं. एक डिस्क बिघडून तिचा दिवा केशरी झाला तरी काम चालूच राहतं, म्हणून तिकडे कुणी लगेच बघतही नाही.

आयबीएमची पहिली हार्ड डिस्क १९५६ मधली, ५० तबकड्यांची आणि जेमतेम ५ मेगाबाइटची. पुढे मोठ्या संगणकांच्या डिस्क अवाढव्य आणि महागच राहिल्या, पीसीच्या छोट्या डिस्क मात्र स्वस्त होत गेल्या. मग अशा शंभर छोट्या एकत्र जोडल्या तर? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये हा हिशेब मांडला. वेग वाढतो, खर्च घटतो. पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरातली एखादी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच जाणार. म्हणून डेटा वाचवायला जादा डिस्क लावाव्या लागल्या; ती त्या स्वस्ताईची किंमत होती. रेड निव्वळ सुरक्षिततेसाठी जन्मलं, हा समज म्हणूनच अर्धवट आहे.

सगळंच नवं होतं असंही नाही. टँडम कंपनी त्याआधीच एकच माहिती दोन डिस्कवर लिहीत होती. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्ये, गेलेला डेटा उरलेल्यावरून परत काढण्याचं पेटंट मिळालं होतं. बर्कलीकरांनी या पद्धती रेड १ ते रेड ५ अशा पाच पातळ्यांत नीट लावल्या.

गणित शाळकरी आहे. तीन डिस्कवर १, ० आणि १ आहेत. एकांची संख्या सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहायचा. तिसरी गेली की उरतात १, ०, ०. सम व्हायला गेलेल्या जागी १च हवा. ही झाली पॅरिटी. रेड ५ मध्ये ती सगळ्या डिस्कवर वाटून ठेवतात, म्हणजे प्रत्येक वेळी लिहिण्याचा भार एकीवरच पडत नाही.

खरी धास्ती रीबिल्डची, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा भरण्याची. १०० मेगाबाइटची डिस्क पटकन भरून निघायची. आजच्या कित्येक टेराबाइटच्या डिस्कला बरेच तास, कधी दिवसही लागतात. तेवढ्यात दुसरी गेली की रेड ५ संपलं. म्हणून दोन डिस्क गेल्या तरी तरणारं रेड ६ आलं.

चुकून डिलीट केलेली फाइल मात्र रेड इमानेइतबारे पुसतं. २०१९ च्या पुरात गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं होतं; तसल्या पाण्यात सर्व्हर सापडला तर आतल्या सगळ्याच डिस्क एकदम जातात. त्यासाठी बॅकअप लागतो, आणि तोही दुसरीकडे, निदान सिडकोत तरी.