हॅम रेडिओचा हँडी सेट: परवाना आधी, बॅटरी नंतर. अर्ज कुठे अडतो आणि का

हॅम रेडिओ म्हणजे छंद म्हणून, परवाना घेऊन चालवायचा दुतर्फा बिनतारी रेडिओ. त्याचा हातात मावणारा पाच वॅटचा सेट घरी येतो, खोके फोडले जाते, बॅटरी बसते, आणि मग विचारणा होते की याचा परवाना कुठे काढायचा. क्रम इथेच चुकतो. आपल्याकडे असा सेट परवान्याशिवाय वापरणे तर सोडाच, नुसता बाळगणेही १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे. खरेदी करताना हे बहुतेकांना कुणी सांगत नाही. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकी आणि तत्सम उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामागे हेच कारण होते. तरीही ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण ठळक असते आणि परवान्याची ओळ बारीक. म्हणून पहिली विनंती हीच: पैसे आधी परीक्षेवर खर्च करा, सेटवर नंतर.

दुसरा गैरसमज ४४६ मेगाहर्ट्झचा. ४४६.० ते ४४६.२ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या, प्रकार-मान्यता (त्या मॉडेलला तपासून दिलेली सरकारी मंजुरी) मिळालेल्या वॉकीटॉकींना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. त्यावरून लोक ठरवतात की आपला पाच वॅटचा सेट ४४६ वर लावला की काम झाले. तसे होत नाही. सूट त्या ठरावीक उपकरणाला आहे, आकड्याला नाही. जो सेट १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढे कुठेही प्रक्षेपण करू शकतो, तो ४४६ वर लावला तरी सूट मिळालेला सेट होत नाही.

कोण अर्ज करू शकतो

वय १२ पूर्ण असलेला भारतीय नागरिक. शिक्षणाची अट नाही. सातवी-आठवीतली मुले ही परीक्षा पास होतात, तेव्हा ‘मी कॉमर्सचा, मला जमेल का’ ही भीती काढून टाका. परवान्याचे दोन वर्ग आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. हँडी सेटपासून सुरुवात करणाऱ्याला रिस्ट्रिक्टेड पुरतो. मोर्सची (ठिपके-रेघांच्या सांकेतिक लिपीची) चाचणी, मिनिटाला आठ शब्द, फक्त जनरलसाठी आहे. डिट-डाच्या धास्तीने वर्षानुवर्षे अर्ज न करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना मोर्सची गरजच नव्हती.

परवाना माणसाला मिळतो, घराला नाही. नवऱ्याचा परवाना आहे म्हणून बायकोने त्याच सेटवर बोलावे, किंवा वडिलांच्या कॉलसाइनवर (परवान्यासोबत मिळणाऱ्या ओळखसंकेतावर) मुलाने ट्रेकला जावे, हे चालत नाही. घरात दोघांना बोलायचे असेल तर दोघांनी परीक्षा द्यायची. या परवान्यावर धंद्याचे बोलणेही करता येत नाही. ट्रेकिंग कंपनी, लग्नाचे इव्हेंट, सोसायटीची सुरक्षा यांच्यासाठी वेगळा परवाना असतो. त्या कामासाठी हा अर्ज करणार असाल तर वेळ वाया जाईल.

दोन अर्ज आहेत, एक नव्हे

सर्वाधिक माणसे इथे अडतात. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर आधी परीक्षेचा अर्ज करायचा. पास झालात की अ‍ॅमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर सर्टिफिकेट मिळते, ज्याला सगळे एएसओसी म्हणतात. हे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. तुम्हाला सेट चालवता येतो एवढेच ते सांगते, चालवायची परवानगी देत नाही. त्यानंतर त्याच पोर्टलवर दुसरा, स्वतंत्र अर्ज परवान्यासाठी करायचा. तो मंजूर झाला की कॉलसाइन मिळते, रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ ने सुरू होणारी. एएसओसी फ्रेम करून भिंतीवर लावणारे आणि ‘कॉलसाइन अजून आली नाही’ म्हणून वाट बघणारे लोक दर वर्षी भेटतात. दुसरा अर्ज त्यांनी केलेलाच नसतो. पास झालेल्याला ‘आता पुढचा अर्ज करा’ असे एका ओळीत कळवले असते तर यातले निम्मे हेलपाटे वाचले असते.

शुल्कही दोन वेळा लागते. परीक्षेचे १०० रुपये. परवान्याचे २० वर्षांसाठी १,००० किंवा आजीवन २,०००. भरण्याआधी पोर्टलवर दिसणारी रक्कम एकदा पडताळून घ्या. पैसे भारतकोश या सरकारी पेमेंट पोर्टलवरून जातात. खात्यातून रक्कम गेली पण पोर्टलवर अर्ज ‘अपूर्ण’ दिसतोय, असे झाले तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पावतीवरचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा, थोडा वेळ थांबून स्थिती पुन्हा तपासा. पावतीची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून घ्या.

नावाचा घोळ

कागद तसे मोजकेच: ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, आणि परवान्याच्या वेळी एएसओसी. अडचण कागद नसण्याची नसते, कागद एकमेकांशी न जुळण्याची असते.

महाराष्ट्रातली दहावीची गुणपत्रिका आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव अशा क्रमाने छापली जाते. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. पॅनवर कधी वडिलांचे नाव पूर्ण, कधी नुसते आद्याक्षर. माणूस एकच, पण कागदोपत्री तिघे. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ कमी-जास्त असतो: देशपांडे, गायकवाड, वाघमारे या आडनावांची दोन-दोन स्पेलिंगे सर्रास सापडतात. तपासणाऱ्याने यावर शंका काढली तर अर्ज परत येतो, आणि परत येताना कारण इतके त्रोटक असते की नेमके काय खटकले ते ताडावे लागते.

उपाय अर्ज करण्याआधीच करायचा. सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर ताडून बघा. आधार दुरुस्त करणे सोपे, दहावीची गुणपत्रिका दुरुस्त करणे कठीण. म्हणून शक्यतो आधारच गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या. मग अर्जात नाव आधारवर आहे तसेच टाका, तोच क्रम, तेच स्पेलिंग. पोर्टलवर खाते उघडताना घाईत ‘एस. कुलकर्णी’ लिहून टाकले तर तेच पुढे प्रमाणपत्रावर उमटते आणि मग परवान्याच्या अर्जात तुमचेच प्रमाणपत्र तुमच्या आधारशी जुळत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना याचा सर्वांत जास्त त्रास होतो. जन्मतारखेचा पुरावा माहेरच्या नावाचा, पत्त्याचा सासरच्या. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र जोडा, कुणी मागण्याची वाट न बघता. राजपत्र काढायला वेळ लागतो, तेव्हा ते काम परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच सुरू करा.

पत्त्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा: परवान्यावरचा पत्ता हा तुमच्या स्टेशनचा पत्ता असतो. पुण्यात भाड्याने राहता, आधार साताऱ्याचे आहे, आणि बोलणार पुण्यातून, तर आधी पत्त्याचा प्रश्न सोडवा. नोंदणीकृत भाडेकरार असेल तर त्यावरून आधारचा पत्ता बदलता येतो. पुढे घर बदललेत तर परवान्यावरही पत्ता बदलून घ्यावा लागतो. सोसायटीची ना-हरकत लागते का, असे अनेक जण विचारतात. हँडी सेटला गच्चीवर अँटेना लावायची नाही, त्यामुळे त्या पत्रामागे धावू नका. पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरण्यासारखे काही नाही. मूळ कागद आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स घेऊन जा, आणि हा सरकारी परीक्षेनंतर मिळणारा छंदाचा परवाना आहे हे शांतपणे समजावून सांगा. ठाण्यातल्या प्रत्येकाला हॅम रेडिओ माहीत असेलच असे नाही.

परीक्षेची तारीख

अमुक महिन्यात परीक्षा, असे ठरलेले वेळापत्रक मनात धरून बसू नका. परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर, म्हणजे रेडिओ लहरींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी केंद्रावर होते. आपल्या भागात मुंबई, नागपूर आणि गोव्यात अशी स्टेशने आहेत. मुंबईचे बोरिवलीला, गोराई रोडवर. बोलावणे ईमेलवर येते, कधी स्पॅममध्ये जाऊन पडते, आणि हाती आलेला वेळ थोडा असतो. नोंदणीला दिलेला ईमेल रोज उघडा. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल आणि मोबाइल टाकून अर्ज भरलेल्यांची तारीख अशीच हुकते. कोकणातून किंवा मराठवाड्यातून येणाऱ्यांनी केंद्राचा पत्ता बोलावण्याच्या पत्रातून पक्का करून आदल्या दिवशीच पोचावे.

रिस्ट्रिक्टेडची लेखी परीक्षा तासाभराची, विभाग दोन: रेडिओचा सिद्धान्त व व्यवहार, आणि नियम. प्रत्येक विभागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. हे वाक्य नीट वाचा. दोन्हीत चाळीस-चाळीस मिळवणारा नापास होतो, कारण एकूण पन्नास होत नाहीत. आणि इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता सिद्धान्तात नव्वद मिळवून नियमांत पस्तिसावर अडकला तर तोही नापास. नियमांचा भाग पाठांतराचा आहे आणि तिथेच हुशार माणसे गाफील राहतात. क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), अक्षरे स्पष्ट सांगण्यासाठीची अल्फा-ब्राव्होची अक्षरमाला, आणीबाणीचे संकेत, कोणता पट्टा आपला, लॉगबुकमध्ये काय लिहायचे: एवढे आठवडाभर मन लावून केले तरी पुरते.

अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्यांसाठी: तिकडचा टेक्निशियन वर्गाचा हॅम परवाना इथे आपोआप चालत नाही. युरोपातल्या देशांत चालणारी सीईपीटीची (एकमेकांचे परवाने मानण्याची) सोय भारतात नाही. बॅगेतून आणलेला सेट विमानतळावर अडकू शकतो, तेव्हा इथली परवानगी हातात नसेल तर तो तिकडेच ठेवून या. परदेशातून कुरिअरने मागवलेल्या सेटचेही तेच होते. आयातीला वेगळी मंजुरी लागते, आणि ती नसेल तर पार्सल कस्टम्समध्ये पडून राहते.

कॉलसाइन आली, आता सेट

भारतातल्याच विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर आणि प्रकार-मान्यतेचा क्रमांक विचारून घ्या. बिल, परवान्याची प्रत आणि सेट एकत्र बाळगा.

पहिले काम मेमरी पुसण्याचे. कारखान्यातून भरून आलेल्या वाहिन्या बहुधा आपल्या पट्ट्याबाहेरच्या असतात; चुकून बटण दाबले गेले तर पोलीस किंवा अन्य सेवांच्या वारंवारितेवर जाल. हँडी सेटवर आपले पट्टे दोन: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. इंटरनेटवरचे परदेशी तक्ते ४३० ते ४४० दाखवतात. ते इथे वापरू नका. संगणकावरून चर्पसारख्या सॉफ्टवेअरने वाहिन्या भरा, आणि या पट्ट्यांबाहेरचे प्रक्षेपण सेटमध्ये बंद करता येत असेल तर करून टाका. रिपीटरसाठी (आपले बोलणे पकडून दूरवर पुन्हा पाठवणाऱ्या स्टेशनसाठी) बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ खालचा शिफ्ट (ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारितेतला फरक) असतो, आणि टोन (रिपीटर उघडणारा बारीक स्वर) लागत असेल तर तो सांगितल्याप्रमाणे अचूक हवा. ऐकू येते पण रिपीटर उघडत नाही, या तक्रारीत दहापैकी नऊ वेळा टोन किंवा शिफ्ट चुकलेला असतो.

अँटेना घट्ट बसवल्याशिवाय पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. वेगळी अँटेना घेताना सेटवरचा एसएमए जोड बघा: स्वस्त चिनी सेटवर मधोमध पिन असते, यासू-आयकॉमवर भोक. उलटा घेतला तर बसत नाही.

बॅटरी लिथियम-आयनची, ७.४ व्होल्टची, म्हणजे आत दोन सेल एकापुढे एक. पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. नवी बॅटरी अर्धवट भरलेली येते. तिच्या मागच्या धातूच्या पट्ट्यांवर कधी पारदर्शक चिकटपट्टी असते, ती आधी काढा. सेट ‘मेलेला’ आला म्हणून परत पाठवलेल्या कित्येक सेटमध्ये दोष एवढाच असतो. बसवताना खालचे दात खोबणीत अडकवून वर सरकवा, खटका ऐकू आला पाहिजे. मग सेट बंद ठेवून हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करा, साधारण चार तास. पहिल्यांदा बारा-चोवीस तास चार्ज करा हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला तो उपयोगाचा नाही, रात्रभर लावून झोपणे तर धोक्याचेच. चार्जरमध्ये उभा असताना सेटवरून बोलू नका. गाडीचे बारा व्होल्ट थेट बॅटरीला कधीही जोडू नका, त्यासाठी गाडीचा चार्जर वेगळा मिळतो.

१८०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर पूर्ण शक्तीने अखंड बोललात तर तासाभरात ती संपते, कारण तेव्हा सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो. ऐकणे जास्त आणि बोलणे कमी ठेवले तर दिवस निघतो. रिपीटर जवळ असेल तर शक्ती ‘लो’ वर ठेवा. ट्रेकला दुसरी बॅटरी न्या, पण किल्ल्या-नाण्यांच्या खिशात नको. पट्ट्यांना धातू लागला की शॉर्ट होते. विमानात सुटी बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते. मे महिन्यात विदर्भात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवू नका. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून, सेटपासून सुटी करून, घरातल्या थंड जागी ठेवा. फुगलेली दिसली तर चार्ज न करता ई-कचऱ्यात द्या.