प्रयोग आणि रचना: एका झडपेभोवतीचे दोन वेगळे तास

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळेत टेबलावर मांडलेल्या प्रत्येक वस्तूला ‘प्रयोग’ म्हणतात. लिंबात खिळे खुपसून पेटवलेला एलईडी हा प्रयोग, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल हाही प्रयोग, आणि दुकानातून आणलेलं किट चिकटवून उभी केलेली पवनचक्कीसुद्धा प्रयोगच. यातला पहिला खरोखर प्रयोग होऊ शकतो. दुसरं इंजिनिअरिंग होऊ शकतं. तिसरं मात्र दोन्हींत बसत नाही, ती सूचना वाचून केलेली जुळणी आहे. तिसरी ते पाचवीच्या मुलांना परिसर अभ्यासाच्या जोडीने इंजिनिअरिंग शिकवायचं असेल, तर हा घोळ आधी निस्तरायला हवा. साहित्य तेच, ओले हातही तेच. मुलाच्या डोक्यात चाललेलं काम मात्र निराळं.

प्रयोगात मूल विचारतं, ‘असं केलं तर काय होईल, आणि का?’ रचनेच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या, कामात ते म्हणतं, ‘मला हे व्हायला हवंय, ते कसं घडवू?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिता येतं. दुसऱ्याचं उत्तर टेबलावर चालून दाखवावं लागतं. अमेरिकेत २०१३ साली शालेय विज्ञानाची नवी मानकं आली. त्यांत मुलांनी आत्मसात करायच्या आठ कार्यपद्धती दिल्या आहेत. त्यातल्या सहा विज्ञान आणि इंजिनिअरिंग या दोघांना सामाईक आहेत, दोन ठिकाणी मात्र नावं मुद्दाम वेगळी ठेवली आहेत. विज्ञानात प्रश्न विचारायचे, तर इंजिनिअरिंगमध्ये गरज नेमकी मांडायची. विज्ञानात स्पष्टीकरण बांधायचं, तर इंजिनिअरिंगमध्ये उपाय रचायचा. बाकी मोजणं, आकडे तपासणं, पुराव्यावर वाद घालणं सारखंच आहे, म्हणून तर गोंधळ होतो.

हा फरक शिकवायला नवी मुंबईसारखी जागा नाही. इथला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने शहर वसवतानाच वाशी, नेरुळ, बेलापूर भागात धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी आधी या तलावात येतं. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. ओहोटीला तलावातलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, आणि भरती आली की खाडीचंच पाणी झडपेला दाबून बंद करतं. मोटर नको, माणूस नको. मुलं यांतल्या काही तलावांच्या काठाने रोज शाळेत येतात.

आता अशाच तलावावरून आखलेले दोन प्रकारचे तास शेजारी ठेवून पाहू. साहित्य दोन्हींना एकच. पाच लिटरच्या दोन चौकोनी प्लास्टिकच्या बरण्या घ्या आणि प्रत्येकीला तळापासून ४ सेंटिमीटरवर अर्धा इंची टँक निपल बसवा. पाण्याच्या टाकीला लावतात तोच, रबरी वॉशरसकट, चपटं डोकं बरणीच्या आत राहील असा. दोन्ही निपल बाहेरून १५ सेंटिमीटरच्या मऊ पारदर्शक पाइपने जोडून टोकांना क्लिपा आवळा. भोक पाडायचं काम शिक्षकांनीच आदल्या दिवशी, खिडकी उघडी ठेवून, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने करायचं. भोक किंचित लहान पाडून कानशीने वाढवा. मोठं झालं तर वॉशर धरत नाही आणि पूर्ण तास फरशी पुसण्यात जातो. इथे एम-सील वापरू नका. अशा गुळगुळीत प्लास्टिकला तो नीट धरत नाही. एका बरणीवर ‘खाडी’ लिहा, दुसरीवर ‘तलाव’, आणि दोन्हींवर तळापासून सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. ४० मुलांच्या वर्गाला असे तीन संच पुरतात.

पहिला तास विज्ञानाचा. खाडीच्या निपलला आतून बूच लावून खाडीत १२ सेंटिमीटर आणि तलावात ६ सेंटिमीटर पाणी भरा. बूच काढल्यावर पाणी कुठे थांबेल याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहायचा. बूच काढलं की मिनिटाच्या आत दोन्हीकडे ९ सेंटिमीटर होतं. मग एकच गोष्ट बदलायची: तलावाच्या बरणीत पाण्याने भरलेली, झाकण लावलेली अर्धा लिटरची बाटली उभी करून तलाव ‘अरुंद’ करा आणि पुन्हा १२ व ६ पासून सुरुवात करा. अरुंद बाजूला पाणी जास्त चढेल असं बहुतेक मुलं लिहितात. या वेळी पातळी ९ वर न थांबता जरा वर थांबते, कारण खाडीला कमी पाणी द्यावं लागतं, पण दोन्हीकडे असते ती सारखीच. हाच धडा आहे: आकडा बदलला, बरोबरी बदलली नाही. गवंडी भिंतीची लेव्हल पाहायला पाण्याने भरलेला लांब पाइप धरतो, तो याच भरवशावर. या तासात तिन्ही संचांवर तेच निष्कर्ष यायला हवेत. एका गटाचं वेगळं आलं तर त्यांचं कौतुक करून पुढे जायचं नाही, पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा डोळा पाण्याच्या पातळीत ठेवलेला नसतो किंवा पाइपात हवेचा बुडबुडा अडकलेला असतो.

पुढचे दोन तास रचनेचे, आणि ते दुसऱ्याच दिवशी घ्या. एकाच तासात दोन्ही कोंबले की मुलं झडप करायच्या घाईत पातळी मोजणं सोडून देतात. इथे प्रश्न नसतो, मागणी असते: खाडीच्या निपलच्या डोक्यावर अशी झडप बसवा, की खाडी १२ आणि तलाव ६ वर असताना २ मिनिटांत तलाव अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त चढणार नाही, आणि मगाने खाडी रिकामी करत नेली की तलावाचं पाणी बाहेर पडेल. अटीही मोजक्या: साहित्य दिलेलंच, गटाला ३० सेंटिमीटर टेप, कापण्याआधी चित्र. अट नसेल तर मुलं अर्धा रोल टेप गुंडाळून भोक बुजवतात. पहिली कसोटी त्यात उत्तम पार पडते, आणि दुसरीत पाणी तलावातच कोंडून राहतं. घट्ट बंद होणं आणि सहज उघडणं यांची ही ओढाताण मुलांच्या हाताला जाणवली पाहिजे. विज्ञानाच्या तासात असं काही नव्हतंच.

साहित्यात पुठ्ठा, फाइलचं प्लास्टिक कव्हर, धुतलेली जुनी एक्स-रे फिल्म, पाण्याच्या बाटलीचा तुकडा आणि फुग्याचं रबर ठेवा. प्रत्येकाचा बिघाड वेगळा आहे आणि म्हणूनच ते निवडायचे. पुठ्ठा पहिल्या मिनिटाला झकास चालतो, तिसऱ्याला सुजून वाकतो. बाटलीचा तुकडा गोलाई सोडत नाही, मग कडेने पाणी आत येत राहतं. फाइलचं कव्हर बहुधा पॉलिप्रॉपिलिनचं असतं आणि ते पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे झडप तरंगायला बघते आणि भरतीच्या सुरुवातीला टेकतच नाही. एक्स-रे फिल्म पॉलिएस्टरची, पाण्यापेक्षा जड. ती सरळ लोंबते. नुसतं रबर छान चिकटतं पण सुरकुत्या पडतात. ‘तुझी झडप का बसली नाही?’ याचं उत्तर शोधताना कव्हर आणि फिल्म यांचे तुकडे पाण्याच्या वाडग्यात टाकून बोटाने बुडवून पाहायला सांगा: एक वर येतो, एक तळाशी जातो. रचनेच्या तासात शिरलेला हा दोन मिनिटांचा प्रयोग आहे, आणि दोन्ही कामांची खरी सांगड इथेच बसते. पुष्कळदा दुसऱ्या फेरीत एखादा गट फिल्मवर फुग्याचं रबर ताणून बसवतो. ते सुचवू नका, साहित्य समोर ठेवलं की पुरे.

बारीक गोष्टी बऱ्याचदा टेपवरच अडतात. ओल्या निपलवर काहीच चिकटत नाही, म्हणून प्रत्येक फेरीआधी फडक्याने कोरडं करा. सेलोटेप पाण्यात सुटते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप घ्या. टेप फक्त वरच्या कडेला, बिजागरीसारखी. बाजूंना लावली की झडप उघडत नाही. झडप भोकाच्या कडेबाहेर चारही बाजूंनी निदान १ सेंटिमीटर जायला हवी, नाहीतर दाबाखाली सरकते.

वहीसुद्धा वेगळी हवी. ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ हा ठरलेला साचा प्रयोगाला चालतो, फक्त ‘अंदाज’ हा रकाना वरती जोडा. रचनेला तो साचा लावला की मूल शेवटी चाललेली झडप ‘कृती’त लिहून मोकळं होतं आणि फसलेल्या दोन झडपा पुसल्या जातात. तिथे गरज, अटी, पहिलं चित्र, कुठे बिघडलं, कोणती एक गोष्ट बदलली, दुसरं चित्र असे रकाने ठेवा. गुण देताना फसलेल्या पहिल्या झडपेचे गुण कापू नका. काय बिघडलं हे न लिहिता आपोआप सुधारलेल्या दुसऱ्या झडपेचे मात्र जरूर कापा. आणि तिन्ही संचांवर हुबेहूब एकसारखी झडप दिसली तर समाधान मानू नका. विज्ञानात सगळ्यांचं सारखं येणं भरवशाचं लक्षण, रचनेत ते बहुधा शेजाऱ्याकडे पाहून केल्याचं.

वेळ उरला तर एक शेवटची चाचणी जरूर घ्या. चालणाऱ्या झडपेच्या फटीत बिस्किटाच्या पुड्याचा बोटभर तुकडा सरकवून भरती आणा. झडप अर्धवट उघडी राहते आणि तलाव भरत जातो. मुलं कांद्याच्या पिशवीची जाळी तलावाच्या बाजूने लावून कचरा अडवतात. मग त्याच जाळीवर चिमूटभर माती आणि चार वाळकी पानं टाकली की ओहोटीला पाणी बाहेर पडायचं मंदावतं. खऱ्या धारण तलावांतही गाळ साचतो, खारफुटी वाढते आणि पाणी साठवायची जागा कमी होते. जाळीची भोकं किती मोठी ठेवायची आणि ती साफ कोण व कधी करणार, यावर पाचवीतला गट पुढची वीस मिनिटं भांडू शकतो. भांडू द्या, आणि दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं बरणीत पाणी ओतून दाखवायला सांगा.