मी पडले की ती पडली?

मे महिन्याच्या सुट्टीत भावाची दोन्ही मुलं आमच्याकडे कोथरूडला राहायला होती, भाची तेरा वर्षांची आणि भाचा दहाचा, आणि दुपारी ऊन एवढं की कोणालाच बाहेर सोडायची सोय नाही, त्यामुळे पडदे ओढून दोघं टीव्हीला कन्सोल लावून बसायचे आणि मी शेजारी लॅपटॉप उघडून काम करत असले तरी अर्धा कान तिकडेच असायचा. गेम होता 'राजी'. सर्कशीत काम करणारी एक मुलगी, तिचा भाऊ गोलू असुर पळवून नेतात, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती एकटी त्याला शोधायला निघते. हा गेम आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या स्टुडिओने बनवलाय आणि २०२० मध्ये आलाय हे सांगितल्यावर दोघांना आधी खरंच वाटेना.

तर पहिल्या दिवशी भाचा खेळताना म्हणत होता, "अरे पडली! परत पडली ती." दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरून धावताना उडी चुकली आणि तो ओरडला, "आत्या, मी पडलो!" भाचीचं तर पहिल्या अर्ध्या तासातच "मी पडले, थांब, मी परत चढते" सुरू झालं होतं.

मी काम बाजूला ठेवून ऐकतच राहिले, कारण स्क्रीनवर तर तीच मुलगी होती, तोच घागरा तीच वेणी, फरक फक्त क्रियापदात पडला होता. इंग्रजीत 'आय फेल' म्हटलं की बोलणारा मुलगा की मुलगी ते कळत नाही, पण मराठीत 'ती पडली', 'मी पडलो', 'मी पडले' या तीन वाक्यांत मेंदूने 'मी' ही रेघ कुठे ओढलीय ते सरळ ऐकू येतं. भाच्याने राजीला आपल्यात घेतलं, पण क्रियापद स्वतःचंच ठेवलं.

मला हा प्रश्न तेव्हापासून सोडत नाहीये. खंबीर, स्वतः निर्णय घेणारी बाई सिनेमात बघणं वेगळं आणि गेममध्ये ती होऊन खेळणं वेगळं, हे खेळणाऱ्या सगळ्यांना जाणवतं, पण का वेगळं याचं उत्तर आपल्या मेंदूच्या एका जुन्या सवयीत आहे.

स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. आपण हात हलवतो तेव्हा मेंदू स्नायूंना हुकूम देतो आणि त्याच हुकुमाची एक प्रत स्वतःकडेही ठेवतो, त्यावरून आता काय जाणवणार याचा अंदाज आधीच बांधतो, आणि अंदाज जुळला की 'हे मीच केलं' म्हणून ती जाणीव दाबून टाकतो. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी यावर फार सुंदर प्रयोग केले होते. माणूस एका हाताने यंत्राचा दांडा हलवणार आणि यंत्र त्याच्याच दुसऱ्या तळहातावर तसाच स्पर्श करणार. स्पर्श लगेच झाला तर गुदगुल्या कमी, पण मध्ये १००, २००, ३०० मिलिसेकंदांचा उशीर घातला तसतसा तोच स्पर्श जास्त गुदगुल्यांचा वाटायला लागला, म्हणजे हळूहळू परक्याचा वाटायला लागला.

आता कंट्रोलर हातात घ्या. बटण दाबलं, राजीने उडी मारली, अंदाज जुळला. हे एका दुपारी हजारो वेळा होतं. दर वेळी मेंदूच्या हिशोबात 'मी केलं' अशी एक नोंद पडते, आणि म्हणूनच लॅग आला, म्हणजे बटण दाबल्यावर स्क्रीनवरची हालचाल उशिरा झाली, की मुलं एवढी चिडतात, तेव्हा ते पात्र एकदम हातातून सुटतं आणि 'मी'ची परत 'ती' होते. सिनेमात ही नोंद कधीच पडत नाही, तिथे कितीही रडलो तरी हुकूम दुसऱ्याचा असतो.

आणि शरीराचं 'माझेपण' वाटतं तेवढं पक्कं नसतं. १९९८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटासा पेपर आला होता, बोटविनिक आणि कोहेन यांचा. खरा हात पडद्याआड, समोर टेबलावर रबराचा हात, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात लोकांना तो रबराचा हातच आपला वाटायला लागतो. पुढे २०१० मध्ये मेल स्लेटर आणि बार्सिलोनातल्या त्यांच्या गटाने पूर्ण शरीराचाच प्रयोग केला, २४ पुरुषांना व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, आभासी जग दाखवणारा) हेडसेट लावून एका मुलीच्या आभासी शरीरात बसवलं. खाली बघितलं की मुलीचं शरीर दिसतं. मग त्या आभासी खोलीतली एक बाई त्या मुलीला थोबाडीत मारते. ज्यांनी हे मुलीच्या डोळ्यांतून बघितलं त्यांच्यात शरीर आपलं असल्याची भावना जास्त होती आणि थपडेच्या वेळी हृदयाचे ठोके मंदावण्याची प्रतिक्रियाही जास्त होती. थप्पड कोणालाच लागलेली नव्हती.

टीव्हीवरचा गेम म्हणजे व्हीआर नव्हे, तिथे पात्र बहुतेक वेळा पाठमोरं दिसतं, त्यामुळे एवढा खोल परिणाम तिथे गृहीत धरू नये. पण शरीर बदललं की वागणं थोडं सरकतं याला आधार आहे. बहुरूपी पोलिसाचा वेष चढवून दारात आला की त्याचा आवाजही आपोआप चढतो, तसंच काहीसं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये याला 'प्रोटियस इफेक्ट' नाव दिलं, रूपं बदलणाऱ्या ग्रीक समुद्रदेवावरून. त्यांच्या एका प्रयोगात काही लोकांना समोरच्यापेक्षा १० सेंटिमीटर उंच आभासी शरीर दिलं, काहींना तेवढंच बुटकं, आणि मग पैशांची वाटणी करायला सांगितली. उंच शरीर मिळालेले लोक स्वतःकडे जास्त ओढायला लागले, आणि बुटकं शरीर मिळालेल्यांनी अन्यायाची वाटणी इतरांच्या साधारण दुप्पट प्रमाणात मान्य केली. शरीर कोणाला कुठलं मिळेल ते प्रयोग करणाऱ्यांनी ठरवलं होतं, त्या माणसांच्या खऱ्या उंचीशी त्याचा काही संबंध नव्हता. नंतर अशा बऱ्याच प्रयोगांचं एकत्र विश्लेषण झालं तेव्हा हा परिणाम छोटा ते मध्यम निघाला, म्हणजे खरा आहे पण जादू नाही.

उलटा पुरावाही सांगायलाच हवा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या ३७५ लोकांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात २३ टक्के पुरुषांनी स्त्री पात्र घेतलं होतं. त्यांची चॅटमधली भाषा बदललेली, उद्गारचिन्हं जास्त, भावना जास्त, पण हालचाली मात्र त्यांच्या नेहमीच्याच, गटापासून लांब राहणं, उगाच उड्या मारणं. म्हणजे वेष घेतला की आतलं सगळं बदलतं असं नाही. माझ्या भाच्याचं 'पडलो' मला इथे परत आठवतं.

आता या सगळ्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पात्र स्त्री आहे एवढं पुरत नाही, ते शरीर कशासाठी बनवलंय यावर सगळं अवलंबून आहे. १९९६ मध्ये इंग्लंडच्या डर्बी शहरातल्या कोअर डिझाइन या स्टुडिओने टूम रेडर हा गेम आणला आणि त्याची नायिका लारा क्रॉफ्ट जगभर पोचली. हुशार, धाडसी, एकटी गुहांत उतरणारी, पण तिची जाहिरात मात्र तिच्या शरीराचीच होत राहिली. त्याआधी १९८६ च्या मेट्रॉइड या गेममध्ये तर अजून विचित्र गोष्ट होती, चिलखतातला सॅमस हा योद्धा बाई आहे हे तुम्ही गेम ठराविक वेळेच्या आत संपवलात तरच कळायचं, चिलखत उतरायचं आणि आत बाई, आणि जितकं लवकर संपवाल तितके तिच्या अंगावर कपडे कमी. इंग्रजी सूचनापुस्तिकेत तोपर्यंत तिला 'तो'च म्हटलेलं. अख्खा गेम तिने लढून जिंकायचा आणि शेवटी तीच खेळणाऱ्याचं बक्षीस व्हायची, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

याचा परिणाम मोजलाही गेलाय. २००९ मध्ये बेह्म-मोराविट्झ आणि मास्ट्रो यांनी लाराचाच एक गेम वापरून अभ्यास केला, भडक रूपातली नायिका खेळल्यावर बायकांचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास वाढण्याऐवजी घटलेला दिसला. २०१३ मध्ये जेसी फॉक्स आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांना व्हीआरमध्ये वेगवेगळ्या वेषातली शरीरं दिली, तोकड्या वेषातलं शरीर मिळालेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दलचे विचार जास्त आले. म्हणजे ज्या यंत्रणेने 'मी उडी मारली' वाटतं तीच यंत्रणा 'माझ्याकडे बघतायत' हेही आपल्यात उतरवते. म्हणून २०१३ च्या नव्या टूम रेडरमध्ये चिखलाने माखलेली, थंडीने कुडकुडणारी, चुकत शिकणारी लारा आली, २०१७ च्या होरायझन झिरो डॉन या गेममध्ये अ‍ॅलॉय ही नायिका आली, तेव्हा तो नुसता कपड्यांचा बदल नव्हता, खेळणारीला राहायला वेगळं घर मिळालं. त्याच २०१७ च्या हेलब्लेड या गेममधल्या नायिकेला, सेनुआला, सतत आवाज ऐकू येतात, तिची मनोवस्था नीट उभी करायला केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर स्टुडिओबरोबर बसले होते, आणि हेडफोन लावून खेळलं की ते आवाज डाव्या उजव्या कानामागून येतात. खंबीर म्हणजे न घाबरणारी असं तिथे नाहीये, ती घाबरते आणि पुढे जाते, आणि ते पुढचं पाऊल तुम्हाला टाकावं लागतं.

बाकी आकडे बघितले तर अजून बराच रस्ता आहे. २००९ च्या एका मोठ्या मोजणीत १५० गेम्समधली पात्रं बघितली तर स्त्रिया साधारण १५ टक्के निघाल्या, मुख्य भूमिकांत तर १० टक्क्यांच्या आसपास. २०२३ मध्ये ५० रोल-प्लेइंग गेम्समधल्या १३,००० हून जास्त पात्रांचे संवाद मोजले गेले, स्त्री पात्रांच्या वाट्याला ३५ टक्के शब्द.

आणि राजीबद्दल थोडं, कारण ती आपल्या शहरातली आहे आणि मला तिचा अभिमान आहे. २०१७ मध्ये या टीमने लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला तो फसला होता, तरी त्यांनी सोडलं नाही. सहसंस्थापक आणि आर्ट डायरेक्टर श्रुती घोष. राजी राजकन्या नाही, कोणाची बायको नाही, तिचं लढणं तिच्या कामातून येतं, सर्कशीतल्या कोलांट्या, खांबावर चढणं, भिंतीवरून झेप. माझ्या भाचीला हे बरोबर कळलं, ती म्हणाली, "आत्या, तिला हे आधीपासून येतंय ना, म्हणून मला पण येतंय."

या वाक्यावर मला पश्चिम बंगालमधला एक अभ्यास आठवला, गेमशी त्याचा थेट संबंध नाही. कुठली सरपंचपदं बायकांसाठी राखीव हे तिथे जवळपास सोडत काढल्यासारखं ठरायचं, त्यामुळे गावागावांची तुलना करता आली. बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांना दिसलं, जिथे दोन निवडणुकांत पद राखीव होतं तिथे मुलगे आणि मुलींच्या स्वप्नांमधलं अंतर ३२ टक्क्यांनी घटलं आणि शिक्षणातलं अंतर तर पुसलंच गेलं. ते संशोधन २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. तिथे खऱ्या बाईला रोज कारभार करताना बघणं होतं, वर्षानुवर्षं. गेम त्याची जागा घेईल असं मी म्हणणार नाही. पण बघण्याच्या जोडीला करणं आलं तर काय होतं, हा प्रश्न विचारायला हवा. एक बाजू तर माहीतच आहे, टोरांटोमध्ये २००७ मध्ये फक्त १० तास अ‍ॅक्शन गेम खेळल्यावर वस्तू मनात फिरवून बघण्याच्या चाचणीत बायका पुरुषांपेक्षा जास्त सुधारल्या, आणि फायदा काही महिन्यांनीही टिकला होता. "मुलींना नकाशा कळत नाही" असं घरात सहज बोलणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आणि हा प्रश्न विचारायला मराठी फार सोयीची भाषा आहे. प्रयोगशाळेत 'हे शरीर तुम्हाला किती आपलं वाटलं, एक ते सात आकडा द्या' असं खेळ थांबवून विचारावं लागतं. आपल्याकडे मूल स्वतःच, खेळता खेळता, न विचारता सांगतं. वीस मुलगे, वीस मुली, निम्म्यांना राजी आणि निम्म्यांना एखादा पुरुष नायक, घरच्यांची परवानगी आणि फोनवरचं रेकॉर्डिंग, एवढ्यात 'ती'चा 'मी' कितव्या मिनिटाला होतो ते मोजता येईल. कोणी मुलगा कधी 'मी पडले' म्हणतो का, तेही. मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्र शिकणाऱ्या कोणाला करावंसं वाटलं तर मी माझा हॉल आणि कन्सोल द्यायला तयार आहे.

भाचीने वाट बघितली नाही. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिने जुन्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले, एकावर 'ती', एकावर 'मी', आणि भावाच्या शेजारी पेन्सिल घेऊन बसली. पहिल्या तासात डाव्या रकान्यात चार रेघा पडल्या, उजव्यात एकोणीस, आणि उजव्यातल्या सगळ्या 'पडलो', 'मेलो', 'जिंकलो'.